सिस्टरला विचारा : पाय मागे ओढून घेऊ नका

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाल्यापासून, आलेल्या टपालात बहुतेक पत्रं उपवासकाळाचीच आहेत. काहींना परस्पर उत्तरं धाडली, तीन इथे घेते. पहिल्या पत्रालाच निम्म्याहून जास्त जागा गेली आहे. संपादकांनी कुरकुर न करता ती दिली, त्यांचे आभार.

प्रश्न : प्रिय सिस्टर, आमच्या धर्मग्रामात यंदाच्या उपवासकाळासाठी ‘देवाच्या प्रेमावर मनन’ हा विषय दिला आहे. रोज वीस मिनिटं शांत बसा आणि देवाचं प्रेम अनुभवा, असं फादरांनी सांगितलं. माझ्या सासूबाई गेल्या नाताळपासून अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांचं सगळं मीच बघते. पहाटे पाणी येतं तेव्हापासून रात्री त्यांना शेवटचं कुशीवर वळवेपर्यंत मला पाठ टेकायला मिळत नाही. रात्री बायबल उघडलं की डोळे मिटतात. प्रेमबिम काही जाणवत नाही. खरं सांगू, रागच येतो. सासूबाईंचा, नवऱ्याचा, कधी कधी देवाचासुद्धा. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला (क्रुसापर्यंतच्या येशूच्या वाटचालीची प्रार्थना) शेजारच्या बायका डोळे पुसतात आणि मी घड्याळ बघते. माझा विश्वास आटला का?
— नाव छापू नये, वसई

उत्तर : ताई, आधी घड्याळाचं बघू. आविलाच्या संत तेरेजाला १९७० मध्ये पोपनी ‘धर्मपंडिता’ हा मान दिला, तो मुख्यतः तिच्या प्रार्थनेविषयीच्या शिकवणीसाठी. त्याच तेरेजाने आत्मचरित्रात कबूल केलंय, की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर तिचे कान घड्याळाच्या ठोक्यांकडे लागलेले असत. तास कधी एकदा संपतो असं तिला होऊन जाई. आणि तिच्यावर कुणा आजाऱ्याचं अंथरूण बदलण्याची घाईही नव्हती. तुमच्या विश्वासाला काही झालेलं नाही. तुमची झोप पुरी होत नाही, एवढंच मला या पत्रात दिसतं.

आता वीस मिनिटांचं. फादर सांगतात ती मननाची रीत बहुधा संत इग्नेशियस लोयोलाची असावी. बहुतेक तपसाधनांत तीच असते. तो मूळचा स्पेनमधला सरदार घराण्यातला लढवय्या. १५२१ च्या मे महिन्यात पाम्पलोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. हाड वाकडं बसलं म्हणून पुन्हा मोडून बसवलं, तेही भूल नसताना. मग लोयोलाच्या घरी तो महिनोन्महिने खाटेवर. वाचायला त्याला शूरांच्या प्रेमकथा हव्या होत्या, पण घरात ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या गोष्टी एवढीच पुस्तकं निघाली. पुढचं सगळं त्यातून झालं. त्या घरात त्याची शुश्रूषा केली ती त्याच्या थोरल्या भावाच्या बायकोने, मग्दालेनाने. म्हणजे वहिनीने. तिला मननाला वीस मिनिटं मिळत होती का, हे विचारायचं कुणाला सुचलेलं दिसत नाही.

त्याने पुढे जी ‘आध्यात्मिक साधना’ लिहिली, तिच्या अखेरीला देवाच्या प्रेमावरचं एक मनन आहे. त्याच्या सुरुवातीलाच तो बजावतो, की प्रेम शब्दांपेक्षा कृतीत दिसलं पाहिजे. हे वाक्य प्रवचनांतून इतक्यांदा येतं, की ऐकणारीला वाटतं, चला, अजून चार कामं अंगावर घ्यायची. पण पुढे वाचलं तर तो साधकाला लगेच कामाला लावत नाही. देवाने मला काय काय दिलं ते आधी आठवायला बसवतो. जीव दिला, तारण दिलं, आणि माझ्या एकटीच्या वाट्याला आलेलं जे काही असेल ते. ते भरपूर आठवून झाल्यावर मग ‘प्रभो, हे सगळं घे’ ही प्रार्थना येते. आधी घेणं, मागून देणं. आपल्या बायका हा क्रम उलटा करतात. देत सुटतात, आणि आतून कोरडं पडल्यावर म्हणतात, माझा विश्वास आटला.

पवित्र गुरुवारी देवळात बारा जणांचे पाय धुतात ते आठवा. (त्यांत बाईचेही पाय चालतील असं रोमने २०१६ मध्ये अधिकृतपणे सांगितलं. किती ठिकाणी बाया बसतात ते तुम्हीच मोजा.) ते बाराही जण घरून साबणाने पाय घासून, नखं कापून आलेले असतात. फादर वरून तांब्याभर पाणी सोडतात, पुसतात, झालं. बायबलमध्ये योहानाच्या १३ व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, ते पाय असे नव्हते. दिवसभर वहाणा घालून धुळीतून चाललेले होते. आणि हे काम घरातल्या नोकराचं. जेवण चालू असताना येशू उठतो, अंगरखा काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, बेसिनमध्ये पाणी ओततो. त्याला पकडून देणारा यहूदाही अजून तिथेच बसलेला आहे, त्याचेही पाय धुतले जातात. आणि शिष्यांतला पेत्र पाय मागे घेतो. माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत, म्हणतो.

माझं उभं आयुष्य जनरल वॉर्डात गेलं, त्यामुळे हा पेत्र मी पुष्कळदा पाहिला आहे. कोपर बुडवून पाण्याची ऊब बघायची, पाय थोडा वेळ भिजू द्यायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, यात विशेष काही नाही. पण पायाला हात लावला की पेशंट पाय ओढून घेतो. वेदनेने ओरडणार नाही, पण ‘सिस्टर, तुम्ही कशाला’ म्हणून रडकुंडीला येईल. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचं केलं, त्या बायका तर हमखास. स्वतःचं करून घेणं त्यांना जमतच नाही. येशू पेत्राला काय सांगतो? मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. पेत्राने सेवा केली नाही म्हणून हे सुनावलेलं नाही. तो करून घेत नाही म्हणून सुनावलंय.

सासूबाईंचे पाय धुताना ‘मी येशूचे पाय धुते आहे’ असं मनाशी म्हणा, हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. सल्ला चांगला आहे, पण तुम्हाला आत्ता तो नको. तुम्ही या गोष्टीत खाली वाकलेल्यांत न बसता त्या बारा जणांत बसा. रात्री बायबल उघडून झोप येते ना? मग उघडू नका. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की ओट्याला टेकून उभी असाल तशी उभी राहा आणि एवढंच डोळ्यांसमोर आणा : तो बेसिन घेऊन तुमच्यापाशी आला आहे. तुमच्या टाचा कशा आहेत बघा. भेगा, नखांत वाडीतली माती. पाय पुढे करावेसे वाटतात का? लाज वाटते, राग येतो, ‘आत्ता वेळ नाही’ म्हणावंसं वाटतं? जे वाटेल ते त्याला तस्संच सांगा, मैत्रिणीला सांगता तसं. इग्नेशियसही हेच सांगतो, मित्र मित्राशी बोलतो तसं बोला. राग आला असेल तर राग. तेराव्या स्तोत्रात भक्त देवाला विचारतो, मला विसरलास का, कुठवर विसरणार आहेस? ते आपण देवळात गातो, तुम्ही स्वयंपाकघरात म्हटलंत तर काय बिघडलं? पाच मिनिटं झाली की पुरे. डोळे भरून आले नाहीत तरी पुरे.

आणि हे पान नवऱ्याला वाचायला द्या. भाऊ, उपवासकाळात तुम्ही मटण सोडलं असेल, दारू सोडली असेल, छान केलंत. आता रोज संध्याकाळी सहा ते आठ आईजवळ तुम्ही बसा. तिला कुशीवर वळवायला, डायपर बदलायला बायकोकडून शिकून घ्या. आई संकोचेल, दोन दिवस तुम्हीही संकोचाल. पोटऱ्यांखाली उशी सरकवून टाचा अधांतरी ठेवा, म्हणजे टाचांना जखमा होणार नाहीत. दर दोन तासांनी कूस बदला. त्या दोन तासांत तुमची बायको झोपेल, वाडीत फिरेल नाहीतर नुसती बसेल. तिने काय केलं हे विचारू नका. आणि ताई, त्या वेळात तुम्ही उठून भांडी घासायला लागलात, तर पेत्राचं आणि तुमचं काही फार वेगळं नाही.

प्रश्न : मी हिंदू आहे, शाळेत शिक्षक आहे. एका ख्रिस्ती सहकाऱ्याने गुड फ्रायडेच्या प्रार्थनेला बोलावलं आहे. आमच्याकडे देवाचं रूप प्रसन्न, दागिन्यांनी मढवलेलं. तुमच्याकडे खिळे, काटे, रक्त. यात तुम्हाला प्रेम कसं दिसतं? विचारणं उद्धटपणाचं वाटत असेल तर क्षमस्व.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : उद्धटपणा कसला, सर. तुमच्या आधी हे खुद्द ख्रिस्ती लोकांनाच पडलं होतं. क्रूस ही रोमन राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा. संत पौल लिहितो, की क्रुसावरचा ख्रिस्त यहुद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटतो. सुरुवातीची कित्येक शतकं ख्रिस्ती चित्रांत क्रुसावरचा देह जवळजवळ सापडत नाही. रोमच्या भुयारी दफनभूमींत दिसतो तो खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ. रोममधल्या सांता सबिना चर्चच्या लाकडी दरवाजावर साधारण ४३० च्या सुमाराचं क्रुसारोहण कोरलेलं आहे. त्यात येशू हात पसरून, डोळे उघडे ठेवून उभा आहे. पुढेही बराच काळ तो क्रुसावर राजासारखा, कधी मुकुट घातलेला. मान टाकलेला, जखमांनी भरलेला ख्रिस्त रुळला तो तेराव्या शतकापासून पुढे, असिसीच्या फ्रान्सिसच्या अनुयायांच्या प्रभावात. क्रुसाची वाटही त्यांनीच गावोगाव नेली. तिची १४ स्थानं, म्हणजे थांबून प्रार्थना करायच्या जागा, १७३१ मध्ये पक्की झाली. तेव्हा तुम्ही बघता ते रक्त म्हणजे ख्रिस्ती धर्माची एक रीत. मला स्वतःला तिचा अतिरेक आवडत नाही. काही प्रवचनकार खिळ्यांची लांबी सांगत बसतात, तेव्हा मी खिडकीबाहेर बघते.

शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चार चरित्रं, तसं करत नाहीत. मार्क तर ‘मग त्यांनी त्याला क्रुसावर खिळलं’ एवढ्यावर आटोपतो. दुखण्याचं वर्णन नाहीच. उरलेली जागा त्या माणसाने तिथे काय केलं याला दिली आहे. लूक सांगतो, त्याने मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली आणि शेजारच्या गुन्हेगाराला ‘आज तू माझ्याबरोबर असशील’ म्हणाला. योहान सांगतो, त्याने आईला शिष्याच्या हाती सोपवलं. प्राण जात असताना हा माणूस इतरांची व्यवस्था लावतोय. देवाला रक्त हवं होतं म्हणून ते सांडलं, असं मी मानत नाही. माणसांनी एवढं करूनही त्याने हात आखडता घेतला नाही. आम्हाला प्रेम दिसतं ते यात.

जरूर जा. त्या दिवशी मिस्सा, म्हणजे आमची नेहमीची मुख्य उपासना, नसते. दीर्घ वाचन असतं, मग लोक रांगेने जाऊन क्रुसाचं चुंबन घेतात. तुम्ही जागेवर बसलात तरी कुणी काही म्हणणार नाही. नंतर ख्रिस्तप्रसाद वाटतात, तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतो, त्या रांगेत जाऊ नका. वाचन चालू असताना क्रुसापाशी कोण कोण उभं आहे तेवढं ऐका. योहानाने एका शिष्याखेरीज बायांचीच नावं घेतली आहेत.

प्रश्न : वय ७२. शुगरच्या गोळ्या चालू आहेत. लहानपणापासून उपवासकाळात चाळीस दिवस एकवेळ जेवतो, यंदाही जेवतो आहे. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. सूनबाई रोज भांडते. देवाने आपल्यावर एवढं प्रेम केलं, त्याच्यासाठी एवढंही करू नये?
— निर्मळ

उत्तर : भाऊ, सूनबाई बरोबर आहे. चर्चच्या कायद्यात उपवासाचे बंधनकारक दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तेही वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. तुम्ही कधीच सुटलात. सलग चाळीस दिवस म्हणाल तर तेही नाहीत. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात, त्यातले ६ रविवार उपवासात धरत नाहीत.

गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं की साखर झपकन उतरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, भान जातं. मध्यरात्री तुम्हाला रिक्षात घालून दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर खरा उपवास सूनबाईला घडेल. देवाने प्रेम केलं ते तुम्ही जेवण सोडाल या भरवशावर केलेलं नाही, त्याची परतफेड मागायला तो बसलेला नाही. यशयाच्या ५८ व्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास सांगितला आहे : भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकरी द्या. ते तुम्ही पोटभर जेवूनही करू शकता.

या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, किती दिवस एकवेळ जेवताय ते खरं सांगा. तोवर नाश्ता चुकवू नका. मांस वर्ज्य करण्याचा नियम मात्र वयाने सुटत नाही, आजाऱ्याला सूट आहे. तुम्हाला पाळायचाच असेल तर गुड फ्रायडेला मासळी चालते. फक्त पापलेट-कोळंबीची मेजवानी मांडून वर उपवास केला म्हणू नका.