2 एकर कोरडवाहूत सुधारित तंत्रज्ञान वापरून घरची डाळ निघेल का? बीबीएफ (रुंद वरंबा-सरी पाडून पेरणारं यंत्र) परवडेल का?

उमरेडकडची काळी जमीन, सोयाबीन-तूर आणि घरात 5 माणसं, असं तुम्ही लिहिलंय. यंत्राचं नंतर बोलू भाऊ. 'सुधारित' म्हटलं की पाय आधी कृषी केंद्राकडे वळतात, तिथंच माझं डोकं फिरतं.

सोयाबीन स्वपरागसिंचित. सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं प्रमाणित बियाणं एकदा आणलं की पुढली दोन वर्षं घरची बिजवाई चालते. "घरचं उगवत नाही" म्हणणारे मळणी बघत नाहीत. दाण्याचं टरफल पातळ असतं, थ्रेशर जोरात फिरला की वरून दाणा चांगला दिसतो आणि आत अंकुर मेलेला असतो. बियाण्यापुरते फेरे मिनिटाला 350-400 ठेवा, ओलावा 12 टक्क्यांखाली आणूनच पोतं भरा, पोती आपटू नका.

मे महिन्यात प्रत्येक पोत्यातले 100 दाणे मोजा, न निवडता. ओल्या गोणपाटावर 10-10 च्या ओळीत मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. 6-7 दिवसांनी मोड मोजा. 70 आले तर एकरी 30 किलो पेरा. त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवा. 60 च्या खाली आले तर ते पोतं सरळ विका. पेरायच्या बियाण्याला बुरशीनाशक आधी चोळा, रायझोबियम (मुळावर गाठी करून नत्र देणारे जिवाणू) शेवटी आणि सावलीत. उलट केलं तर जिवाणू मरतात. 75-100 मिमी पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नका, दाणा 3-4 सेंमीपेक्षा खोल नको.

बीबीएफ? चांगलंच आहे. जास्तीचं पाणी सरीतून निघतं, खंड पडला तर ओल टिकते. पण 2 एकरासाठी विकत घेणं वेडेपणा, भाड्यानं आणा. चिखलात ते चालत नाही, म्हणून वाफसा (चिखल नाही, पण पुरेशी ओल) गाठा.

डाळीचा हिशेब: माणशी रोज 50 ग्रॅम धरली तर 5 जणांना वर्षाला 91 किलो, म्हणजे साधारण 130 किलो तूर. 4 ओळी सोयाबीन, 2 ओळी तूर ठेवली, 45 दिवसांनी तुरीचे शेंडे खुडले, फुलोऱ्यात एखादं पाणी मिळालं तर अशक्य नाही. मर रोग (तुरीचं झाड उभं वाळतं) लागणाऱ्या शेतात मात्र मर-प्रतिकारक वाणच हवा.

आणि हो, हे घरच्या बियाण्याचं सोयाबीनपुरतंच. तुरीत मधमाश्यांमुळे वाण मिसळतो. संकरित कपाशीची सरकी तर पेरूच नका.