पैठणीचे फोटो: फोटोग्राफरला पैसे कुठे द्यावेत, कुठे नकोत

ताई, तुम्ही येवल्याच्या पैठण्या ऑनलाइन विकता आणि 'फोटोतला रंग वेगळा होता' म्हणून माल परत येतो. मग प्रोफेशनल फोटोग्राफर लावायचा का, हा तुमचा प्रश्न. लावा, पण प्रत्येक साडीसाठी नको. हातमागाची पैठणी म्हणजे एकेक नग. त्या फोटोचा सगळा खर्च एकाच विक्रीच्या डोक्यावर बसतो. सेमी पैठणी, म्हणजे यंत्रावरची, एकच डिझाइन सहा रंगांत, किंवा मॉडेलवर नेसवलेले फोटो, यांवर खर्च करा. हातमागाच्या नगांसाठी त्याच माणसाला एक दिवस बोलवून घरीच मांडणी बसवून घ्या. दिव्यांच्या आणि ट्रायपॉडच्या जागा फरशीवर टेपने आखून घ्या, सेटिंग कागदावर लिहून घ्या. पुढचं तुम्ही करा.

रंग चुकतो तो बहुतेक वेळा मिसळलेल्या उजेडामुळे. खिडकीचा उजेड निळसर, घरातला बल्ब पिवळा. कॅमेरा दोन्हींना एकदम सांभाळू शकत नाही. खिडकी झाका, घरातले दिवे बंद करा, एकाच जातीचे एलईडी वापरा: साधारण ५५०० केल्विन (म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, १०० पैकी) ९५ किंवा वर. स्वस्त एलईडीत लाल रंग मरतो, जांभळा निळा दिसतो. दर वेळी पहिला फोटो ग्रे कार्डचा, म्हणजे ठरावीक राखाडी पुठ्ठ्याचा, काढा आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेरा पांढरा कशाला धरतो ते सेटिंग) त्यावर लॉक करा. ऑटोवर ठेवलात तर हिरवी साडी आली की एक रंग, लाल आली की दुसरा.

जरीचं गणित वेगळं. जरीसमोर जे असेल तेच ती परत दाखवते. उघडा बल्ब असेल तर पांढरे ठिपके, अंधारी भिंत असेल तर सोनं काळपट. म्हणून ६० × ९० सेंटीमीटरचा किंवा मोठा सॉफ्टबॉक्स (दिव्यावर पांढरं कापड लावलेली, उजेड मऊ करणारी पेटी) एका बाजूने तिरका लावा आणि समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा शीट उभा करा. दोन्ही बाजूंनी सारखाच उजेड टाकलात तर वीण सपाट होते, पदरावरचा मोर छापल्यासारखा दिसतो.

धूपछाव साडीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्या. तिचा खरा रंग एका फोटोत मावतच नाही. एक फोटो समोरून, एक तिरका, एक घडी मोडलेल्या चुणीचा, असे तीन द्या आणि वर्णनात दोन्ही रंगांची नावं लिहा. गडद लाल आणि राणी रंगात कॅमेऱ्याचा लाल चॅनेल भरून जातो, म्हणजे लाल रंगाच्या छटा उरत नाहीत, बुट्ट्या विरघळतात, एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) ०.३ ते ०.७ ने कमी करा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर उलटं: कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करतो, तिथे +१ च्या आसपास लागतं. मोतिया साडी पांढऱ्यावर हरवते. तिच्या दोन्ही बाजूंना, चौकटीबाहेर, काळे पुठ्ठे उभे करा, म्हणजे कड उठते.

कॅमेरा असेल तर एफ/८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १०० (उजेडाची संवेदनशीलता), दोन सेकंदांचा टायमर. मोबाइल असेल तर प्रो मोड, एचडीआर (उजेड-सावली आपोआप जुळवणारी सोय) बंद, मागे सरकून २एक्स लेन्स. जवळून वाइडने काढला की काठ वाकतो. फाइल एसआरजीबीमध्येच (वेब-मोबाइलवरच्या नेहमीच्या रंग-मापात) सेव्ह करा, नाहीतर काही ठिकाणी रंग मळकट दिसतात.

अ‍ॅमेझॉनच्या मुख्य फोटोला शुभ्र पार्श्वभूमी लागते, वस्तूने ८५ टक्के चौकट भरावी लागते, लोगो-मजकूर चालत नाही. झूमसाठी लांब बाजू किमान १००० पिक्सेल हवी. उलट्या बाजूचा जवळून घेतलेला फोटो मात्र कुणी मागत नाही तरी टाकाच. हातमागाच्या पैठणीत काठ-पदर मागूनही पुढच्यासारखाच स्वच्छ असतो, यंत्रावरच्या साडीत मागे सुटे धागे दिसतात. 'हातमाग' असं दहा वेळा लिहिण्यापेक्षा हा एक फोटो भारी.

फोटोग्राफर निवडताना त्याची इन्स्टा बघून भुलू नका. लग्नाचे फोटो सुंदर काढणारा जरीत अडखळू शकतो. त्याला एक धूपछाव आणि एक गडद लाल नमुन्याला द्या, फोटो आले की साडी दिवसाच्या उजेडात मोबाइलशेजारी धरून बघा. रिटचिंगमध्ये धूळ-सुरकुत्या काढू दे, पण सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवू देऊ नका. विणीतली गाठही पुसू नये, ग्राहकाच्या हातात ती जाणारच आहे.

कोटेशन नीट वाचा. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाराच असतो, असं १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं. 'फक्त एक वर्ष वापर' अशी ओळ बारीक अक्षरात असेल तर ती सही करण्याआधीच काढायला लावा. मॉडेल असेल तर तिची लेखी संमती वेगळी घ्या.