तीन ठिकाणी विखुरलेली अडीच एकर जमीन सलग करून पर्माकल्चर करावं का?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरजवळ करवीरच्या पश्चिमेला सहा घरांची मिळून अडीच एकर जमीन आहे, पण तीन ठिकाणी: एकरभर टेकावर, एकरभर भाताची, अर्धा एकर नदीकाठच्या मळीत. अदलाबदल करून सलग तुकडा करायचा, त्यावर 'फूड फॉरेस्ट', म्हणजे खाण्याजोग्या झाडांचं जंगलासारखं रान, उभं करायचं आणि तीसेक माणसांचं अन्न घरी पिकवायचं, असा बेत आहे. जुन्या माणसांच्या माहितीचा यात उपयोग होईल का, हेही विचारलंय.

अदलाबदल करू नका. बाकी सगळं नंतर.

तुकड्यांची शेती म्हणजे मागासलेपण, हे आपल्याला फार वर्षं शिकवलं गेलंय. १९४७ साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला, सर्व्हे नंबरांचे गट झाले. वाटण्यांमुळे तुकडे पडले हे खरंच आहे. पण आपल्याकडे भावाभावांत वाटणी करताना पूर्वी टेक एकाला आणि मळी दुसऱ्याला असं सहसा करत नसत. प्रत्येकाला दोन्हीकडे थोडं थोडं यायचं. त्यामागे हिशेब होता. पाऊस जास्त झाला तर मळी बुडते, टेक राहतं. पाऊस ओढला तर टेक करपतं, मळीत ओल असते. कुठल्याही वर्षी घरात काहीतरी येतंच. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट; २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. सगळी जमीन खाली असलेल्याचं त्या वर्षी काय झालं, ते गावात कुणालाही विचारा.

आता पर्माकल्चरबद्दल, म्हणजे निसर्गाच्या रचनेप्रमाणे टिकाऊ शेती आखायच्या पद्धतीबद्दल. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात ते मांडलं. घराजवळ रोज लागणारं, लांब कमी लक्ष मागणारं, ही त्यातली मांडणी आपल्याला नवी वाटू नये. परडं (घरामागची जागा), मळा, टेक, गायरान, त्यापलीकडे देवराई हा क्रम आपल्या गावांना आहेच. अडचण व्हिडिओ बघून केलेल्या नकलेची आहे. समपातळी चर काढा, पाणी जिरवा, हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, शिरोळला पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात इतका फरक. पश्चिमेकडच्या उतारावर अति पाणी जिरवलं तर बांध घसरतो, आणि शिरोळकडे पाण्यानं क्षारपड झालेल्या काळ्या रानातून तर पाणी बाहेर काढायला चर लागतात. तुमच्या टेकावर जुने दगडी बांध असतील तर त्यांचे सांडवे, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटा, शोधा. बहुतेक बुजलेले असतील. आधी ते मोकळे करा; सांडवा बुजला की बांध फुटतो.

पाणी अडवायचं कधी आणि सोडायचं कधी, हे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याकडून शिकावं. पावसाळ्याच्या तोंडाला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढतात, पूर आणि गाळ निघून जातो. पाऊस सरत आला की बरगे घालून उन्हाळ्याचं पाणी धरतात. शेतातलं पाणीही असंच वर्षाच्या दोन भागांत बघायला हवं.

फूड फॉरेस्टबद्दल माझा राग आहे, तो लपवत नाही. साठ जातींची फळझाडं लावून लोक फोटो टाकतात आणि भाकरीचं पीठ दुकानातून आणतात. माणशी महिन्याला दहा किलो धान्य धरा. तीस माणसांना वर्षाला ३६ क्विंटल होतं. अडीच एकरांत कडधान्य आणि भाजीसह एवढं बसणार नाही, हे आधीच मान्य करून चाला. तांदूळ थोडा विकत घ्यावा लागेल. नाचणा, तूर, कडधान्य, भाजी आणि अंडी मात्र घरची होऊ शकतात, आणि ताटातली खरी कमी तिथेच असते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात शिकवलेले श्रीपाद अच्युत दाभोळकर पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरतात असं मांडायचे. त्यांच्या प्रयोग परिवार या शेतकऱ्यांच्या गटानं ते अभ्यासून केलं होतं. प्रत्येक पानाला ऊन किती मिळतं इथपर्यंत हिशेब होता. नुसता आकडा उचलून चालणार नाही.

टेकावर नाचणा लावा. १०० ग्रॅम नाचण्यात ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं आणि तो वर्षानुवर्षं किडीशिवाय टिकतो. काही ओळींनंतर तुरीची ओळ, कडेला कारळे आणि अंबाडी. अंबाडीची कोवळी पानं भाजीला, कारळ्याची चटणी, तुरीचा पाला जमिनीला. भाताच्या एकरात घनसाळ, काळा जिरगा अशा जाती थोड्यातरी ठेवा. त्यांचा एकरी उतारा कमी आणि त्या उंच वाढून लोळतात, म्हणून सगळं रान त्यांना देऊ नका. मळीत पावसाळ्यात मोठा डाव मांडू नका. पूर ओसरल्यावर गाळावर हरभरा, वाटाणा, भाजी घ्या. आणि प्रत्येकाच्या परड्यात मोरीच्या पाण्यावर अळू, केळ, शेजारी शेवगा, हादगा, मांडवावर दोडका.

जुनं सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. टेकावरचा नाचणा लोकांनी उगाच सोडला नाही. रेशनचा तांदूळ मिळू लागला, आणि भर पावसात वाकून लागण करायची ती बायकांनी, मग घरी येऊन चूलही त्यांनीच. पैऱ्यानं, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या रानात, काम करणार असाल तर सहा घरांतल्या पुरुषांचे दिवसही त्यात मोजा, नाहीतर दुसऱ्या वर्षी टेक पडीक राहील.

पर्माकल्चरचा कोर्स केलात तर हरकत नाही, पण त्याआधी एक पावसाळा नुसतं बघा: पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, गवे कुठल्या बाजूनं उतरतात. जुन्या बियाण्यासाठी आज्यांना भेटा, कारण निवडून ठेवायचं काम त्यांचं असतं. जायचं ते दिवाळीनंतर, मळणी उरकल्यावर. रोहिणी तोंडावर आल्यावर गेलात तर त्यांच्याकडे स्वतःला पेरायला लागेल तेवढंच उरलेलं असतं, आणि ते मागूही नये.