व्हिजिटिंग कार्डावर क्यूआर कोड टाकायचाय, घरीच डिझाईन करायला कोणतं ॲप चांगलं?

कोणतंही घ्या. कॅनव्हात होतं. इंकस्केप फुकट आहे, कोडही त्यातच तयार होतो. ॲपमुळं कार्ड बिघडत नाही. माझं बिघडलं ते कोडात काय भरलं त्यामुळं, म्हणून लिहितोय.

परभणीत आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, दादाचं अन् माझं. एप्रिल-मेमध्ये बोअरचं पाणी खाली गेलेलं असतं, व्होल्टेजची बोंब, मग मोटारी जळून येतात. त्याच्या आधी पाईपच्या दुकानांत अन् बोअरवाल्यांकडं कार्डं ठेवावी लागतात. मी हौसेनं रात्री बसून कार्ड केलं. कोडात सगळं कोंबलं: दुकानाचं नाव, दोघांचे नंबर, मराठीत पूर्ण पत्ता, वर ‘सर्व प्रकारच्या सबमर्सिबल मोटारी खात्रीशीर भरून मिळतील’. आता देवनागरीचं एकेक अक्षर कोडात तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळे मोजून. सगळ्यात लहान कोड 21 बाय 21 घरांचा असतो, मजकूर वाढला की दर पायरीला लांबी अन् रुंदी 4-4 घरांनी वाढते. माझा गेला सत्तरच्या वर, अन् तो बसवला दीड सेंटिमीटरात. कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला तेव्हा झकास दिसत होता. छापून आला तेव्हा बारीक रवा सांडल्यासारखा. त्यावर चकचकीत लॅमिनेशन. 2000 कार्डं.

पंधरा दिवसांनी मानवतकडचे एक काका आले. म्हणले, "तुमच्या कोडावर पैसे जाईनात." मोटार आणायच्या आधीच ॲडव्हान्स टाकायला निघाले होते, पैसे पाठवायच्या ॲपमधून. ॲप म्हणतंय कोड चुकीचा. त्यांना वाटलं खातंच बोगस आहे.

दादा आठ दिवस हसला. "म्हणलं होतं ना, आपल्याकडं कोड म्हणजे पैसे. टाकायचाच तर यूपीआयचा टाक." तेव्हापासून हा वाद चालूच आहे, तर इथं सांगतोच. कार्डावर यूपीआयचा कोड टाकू नका. ज्या माणसानं आपलं तोंड बघितलं नाही त्याच्या हातात पहिल्यांदाच पैशाचा कोड द्यायचा, हे बरं दिसत नाही. उद्या बँक बदलली की कार्डं रद्दी. पैशासाठी काउंटरवर स्टिकर आहे की. लोक कोड म्हटलं की पैसेच धरतात, एवढं मात्र दादाचं खरं. म्हणून कोडाखाली मोठ्या अक्षरात लिहा: ‘कॅमेऱ्यानं स्कॅन करा, व्हॉट्सॲप उघडेल’.

दुसऱ्या खेपेला मी फक्त व्हॉट्सॲपची लिंक टाकली, ‘डब्ल्यूए डॉट मी’वाली, पुढं 91 अन् नंबर. सुरुवातीचं ‘https://’ धरून सगळी मिळून 26 अक्षरं, 25 बाय 25 मध्ये बसतात. कोड दोन सेंटिमीटरचा, चारी बाजूंनी चार घरं पांढरी सोडलेली. सोनेरीवर मरून वगैरे करू नका, पांढऱ्यावर काळा. अन् प्रेसवाल्याला बजावून सांगा की कोरलमध्ये, म्हणजे त्याच्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये, तो काळा फक्त काळ्या शाईचाच ठेव. चारही रंग मिसळून काळा केला अन् छपाई जरा सरकली की कडा फाटतात. फाईल पीडीएफ द्या, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवू नका. आधी एकच प्रत काढून घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर बघा.

फुकट डायनॅमिक कोड देणाऱ्यांपासूनही लांब राहा. तो कोड आधी त्यांच्या साइटवर जातो, मुदत संपली की गिऱ्हाइकाला त्यांचंच पान दिसतं. साधा स्टॅटिक घ्या, म्हणजे लिंक थेट कोडातच भरलेला.

कोडाच्या मधोमध लोगो टाकतात तेही मला पटत नाही. कोड किती खराब झाला तरी वाचता यावा याच्या लेव्हल असतात; सगळ्यात वरच्या लेव्हलला सुमारे 30 टक्के खराब झाला तरी चालतो, पण लोगो त्यातलेच टक्के खातो. मग ग्रीसचा अंगठा लागल्यावर काय उरणार?

हां, तुमचा धंदा कसला ते तुम्ही लिहिलं नाही. चहाची टपरी असेल तर कदाचित दादाचंच ऐका. अन् नंबर दोन वर्षांत बदलणार असेल तर माझी लिंकही कामाची नाही.

पहिल्या लॉटातली हजारभर कार्डं अजून आहेत. दादा मागच्या कोऱ्या बाजूवर गिऱ्हाइकाचं नाव अन् गाव लिहून, भोक पाडून तारेनं मोटारीला बांधतो. भोक मुद्दाम कोडातच पाडतो.