"1500 रुपयेच तर आहेत, योजनांना कात्री लागली तर एकट्या आईला असा काय फरक पडतो?"

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताई एकट्या दोन मुलांना सांभाळतात, म्हणून विचारताय. मी गोवंडीत राहते, वस्तीतल्या बायकांचे फॉर्म भरून देते, त्यावरून सांगते.

फरक खूप पडतो. लाडकी बहीणची तरतूद 2024-25 ला 46 हजार कोटी होती ती 2025-26 ला 36 हजार कोटीवर आली, पण कुणाच्या दारावर येऊन कोणी सांगत नाही की तुमचे पैसे कापले, नुसतं केवायसी मागतात आणि मग हप्ता यायचा थांबतो.

2025 ला ई-केवायसी आलं त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार आणि त्यावरचा ओटीपी मागत होते. विधवा असेल तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्या असं नंतर ठरलं, ठीक आहे. पण जिचा नवरा सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला, मेलाय की जिवंत माहीत नाही, वडील वारलेत, तिने कुठला कागद आणायचा सांगा? माझ्यासमोर बसून एक बाई नवऱ्याचा जुना नंबर लावून बघत होती, स्विच ऑफ. सगळ्यात जास्त गरज हिलाच आणि अडकली पण हीच.

त्यात तिच्या घरात दुसरं माणूस नाही. नवरा-बायको दोघं असतील तर एक कामावर जातो आणि एक लाईनीत उभा राहतो, हिने दाखल्यासाठी तहसील गाठलं की चार घरचा खाडा, पैसे कापले, वर पोरं शाळेतून आली की त्यांना बघायला कोण? म्हणजे 1500 मिळवायच्या नादात हातचे जातात, मग बाई कंटाळून नादच सोडते आणि सरकारी यादीतून एक नाव कमी होतं.

बाकीच्या कात्र्या छोट्या वाटतात. जानेवारी 2025 ला शाळेतल्या पोषण आहाराच्या अंड्यांचे वेगळे पैसे राज्याने बंद केले, लोकवर्गणी काढा म्हणे. आमच्याकडे कोण देणार वर्गणी?? त्याच वर्षी दिवाळीला 100 रुपयातला आनंदाचा शिधा पण नाही आला. मग घरात दूध अर्धा लिटरचं पाव लिटर होतं, पोराची ट्यूशन सुटते आणि मोठी मुलगी असेल तर आईबरोबर कामाला जायला लागते, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

तुमच्या ताईंना बाल संगोपन योजनेचं विचारा. एकल पालकाच्या मुलाला 18 वर्षांपर्यंत महिन्याला 2250 रुपये आहेत, बऱ्याच जणींना माहीतच नसतं. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज करायचा, पैसे उशिरा येतात पण येतात. फेऱ्या माराव्या लागतील त्यांना, तेव्हा प्लीज त्या दिवसांचा खाडा कापू नका.