वाचक विचारतात : अनामिका वाचायच्या तर कुठून?

प्रश्न : हिंदी कवयित्री अनामिका यांचं नाव नेटवर टाकलं की भलतंच काही समोर येतं. या नेमक्या कोण?

उत्तर : भलतंच म्हणजे बहुधा हिंदी कवी निराला. त्यांच्या १९३८च्या संग्रहाचं नावच ‘अनामिका’ आहे. म्हणून शोधताना कवितेचं नावही जोडा : ‘अनामिका बेजगह’ किंवा ‘अनामिका स्त्रियाँ’. ‘कविता कोश’ आणि ‘हिन्दवी’ या संकेतस्थळांवर त्यांच्या बऱ्याच कविता फुकट वाचता येतात.

जन्म १९६१, मुजफ्फरपूर, बिहार. वडील श्यामनंदन किशोर हेही कवी. शिक्षण इंग्रजी साहित्याचं. दिल्ली विद्यापीठाच्या सत्यवती कॉलेजात शिकवलंही इंग्रजीच. कविता, कादंबऱ्या आणि स्त्रीवादी समीक्षा मात्र हिंदीत. ‘टोकरी में दिगन्त’ या संग्रहाला २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कवितेसाठी हा पुरस्कार मिळवणारी हिंदीतली ही पहिली स्त्री. कृष्णा सोबतींपासून चित्रा मुद्गलांपर्यंत आधीच्या सगळ्याजणींना तो कादंबरीवर मिळाला होता. पहिला पुरस्कार १९५५चा. एवढा उशीर का, हे अकादमीलाच विचारायला हवं.

प्रश्न : आमच्या वाचनगटाचं हिंदी सिनेमापुरतंच आहे. सुरुवात कोणत्या कवितेपासून करावी?

उत्तर : ‘बेजगह’पासून. ‘स्थानभ्रष्टा न शोभन्ते दन्ताः केशा नखा नराः’ (जागेवरून सुटलेले दात, केस, नखं आणि माणसं शोभत नाहीत) हा श्लोक शाळेत संस्कृत घेतलेल्यांना आठवेल. कवितेतले संस्कृतचे सर अन्वय लावतात तेव्हा केस आणि नखं जागेवर राहतात, पण ‘नर’ जाऊन तिथे ‘औरतें’ येतात आणि वर्गातल्या मुली भीतीने थिजतात. पुढे पहिलीच्या पुस्तकातली वाक्यं : राम, शाळेत जा! राधा, स्वयंपाक कर, झाडू मार, भावाचं अंथरूण घाल!

प्रत्येकीच्या हातात प्रत द्या आणि कविता मोठ्याने दोनदा वाचा. पहिल्यांदा एकीने. दुसऱ्यांदा आवाज वाटून घ्या : एक सर, एक धड्यातली वाक्यं, एक ‘और मेरा?’ विचारणारी मुलगी. धड्यातली वाक्यं पहिलीतल्या पोरांसारखी हेल काढूनच म्हणा. गंभीर आवाजात म्हटली तर सगळा उपरोध मरतो.

गडबड होते ती मध्यावर. मुलींना घर नसतं, त्या हवा, ऊन, माती असतात, हा तुकडाच लोक उचलतात आणि कविता तक्रारीची ठरवून मोकळे होतात. खरं वळण त्यानंतर आहे. शेवटी बोलणारी स्त्री स्वतःला बी.ए. पासकोर्सच्या प्रश्नपत्रिकेवर उडून पडलेली ओळ म्हणवते, आणि आपलं संदर्भासह स्पष्टीकरण कुणी करू नये, तुकारामांच्या एखाद्या अर्धवट अभंगासारखं आपल्याला वाचावं, असं मागते. आपल्याकडे इथे लगेच इंद्रायणीत बुडवलेल्या वह्यांची चर्चा सुरू होईल. होऊ द्या, पण कवितेत तो उल्लेख नाही. एवढं भान ठेवा.

नंतर ‘स्त्रियाँ’ घ्या. चणाजोरगरमच्या पुड्या बांधण्याआधी पोरांच्या फाटक्या वह्यांचा कागद जसा वाचतात, तसं आम्हाला वाचलं गेलं, असं त्या बायका म्हणतात. मागणी काय, तर बी.ए.नंतरची नोकरीची पहिली जाहिरात वाचावी तसं अक्षर न् अक्षर वाचा. घोषणा नाही की आरडाओरडा नाही.

प्रश्न : पुरस्काराचा संग्रह ‘टोकरी में दिगन्त’ झेपत नाही, त्यात थेरीगाथेतल्या बायका येतात. त्यासाठी थेरीगाथा वाचलेली हवी का?

उत्तर : सगळी नको. थेरीगाथा म्हणजे थेरींच्या, बौद्ध भिक्षुणींच्या, पालीतल्या ७३ कवितांचा संग्रह. त्यातल्या दोन आधी वाचा. एक आम्रपालीची : म्हातारपणात ती केसांपासून पावलांपर्यंत एकेक अवयव तपासत जाते. दुसरी मुत्तेची : उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा, अशा तीन वाकड्यांतून ती सुटली आहे. आम्रपालीची वैशाली मुजफ्फरपूरजवळच, म्हणजे आम्रपाली अनामिकांची शेजारीणच. भाषांतर समजून मूळ गाथा शेजारी ठेवाल तर फसाल, कारण अनामिकांच्या या नव्या कविता आहेत आणि त्यांतल्या थेरी आजच्या जगात वावरतात. बिहारकडचे शब्द अडले तर पहिल्या वाचनात सोडून द्या.

प्रश्न : त्यांनी पंडिता रमाबाईंवर लिहिलंय म्हणे?

उत्तर : हो, ‘दस द्वारे का पींजरा’ ही कादंबरी. नाव कबीराच्या दोह्यातलं. रमाबाईंसोबत त्यात मुजफ्फरपूरची तवायफ ढेलाबाईही आहे. रमाबाईंच्या आयुष्यातल्या तारखा जुळवायला मात्र ती घेऊ नका, त्यासाठी चरित्र वेगळं वाचा.