रॅम बूस्टर टाकलं तरी पीसी हँग का होतो?

प्रश्न: नमस्कार सर, माझं तालुक्याच्या गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीसी जुना आहे, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी बरा चालतो, पण दुपारी गर्दी झाली की माऊस हलतो आणि क्लिक काही लागत नाही, गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि फॉर्म अर्धा. सी ड्राइव्हपण लाल दिसतोय. भाच्याने टेम्प आणि प्रीफेचमधल्या फाइल उडवल्या आणि एक रॅम बूस्टर टाकून दिलं, त्यातलं बटण दाबलं की रॅम ९० टक्क्यांवरून ५० वर येते पण हँग व्हायचं काही थांबलं नाही. वैतागले आहे. फॉर्मॅट मारू की ८ जीबी रॅम टाकू?
– एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर: ताई, फॉर्मॅटचं आत्ता डोक्यातून काढा, आणि ते बूस्टर आजच अनइन्स्टॉल करा.

ते बटण दाबल्यावर आकडा खाली येतो हे खरंय, पण येतो कसा? चालू प्रोग्रॅमचा माल ते रॅममधून जबरदस्तीने बाहेर काढतं, त्यातला बराचसा हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची जागा) जातो, मग तुम्ही क्रोमवर क्लिक केलं की तोच माल डिस्कवरून परत आणावा लागतो. आणि साधी हार्ड डिस्क रॅमपेक्षा एखाददुसऱ्या पटीने नाही, लाखपटीच्या घरात हळू असते. म्हणजे तुमचं हँग होणं जे आहे ना, तेच ते बूस्टर बटण दाबून घडवून आणतंय. तसंही रॅम रिकामी पडून काही फायदा नसतो, विंडोज मोकळ्या रॅममध्ये नेहमी लागणाऱ्या फाइल ठेवतं आणि कुठल्या प्रोग्रॅमला जागा लागली की लगेच सोडून देतं.

आता दुपारी ऐन गर्दीत पीसी अडला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. तिथे मेमरी ८५-९० टक्के आणि त्याच वेळी डिस्क १०० टक्के दिसली तर रॅम पुरत नाहीये आणि विंडोज सारखं डिस्कवर ये-जा करतंय असं समजा. मेमरी ५०-६० वरच आहे आणि डिस्क मात्र १०० ला चिकटलीय, तर रॅमचा दोष नाही, डिस्कच दमलीय. मेमरी या शब्दावर क्लिक केलं की जास्त खाणारे वर येतात. तुमच्याकडे क्रोम वर असणार हे न बघता सांगतो, कारण फॉर्मवाल्या दुकानात एक टॅब सातबाऱ्याचा, एक स्कॉलरशिपचा, एक पॅनचा, आणि सकाळपासून कोणी बंदच केलेला नसतो. काम झालेले टॅब बंद करा. क्रोमच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्समध्ये मेमरी सेव्हर आहे तो चालू करा, पण ज्या सरकारी साइटवर फॉर्म भरता ती तिथल्याच कायम चालू ठेवायच्या यादीत टाका, नाहीतर टॅब झोपला आणि परत लॉगिन करत बसलात असं व्हायचं.

मग टास्क मॅनेजरमधला स्टार्टअप टॅब. प्रिंटरचा अपडेटर, मीटिंगचं अ‍ॅप, भाच्याने घातलेलं काहीबाही, सगळं पीसी चालू होताच रॅममध्ये येऊन बसतं. राइट क्लिक करून डिसेबल करा, प्रोग्रॅम उडत नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. साउंड, टचपॅड, अँटीव्हायरसला हात लावू नका. अँटीव्हायरस दोन असतील तर मात्र एक काढाच.

आणि रोज शट डाउन करता तरी कधीतरी रिस्टार्ट करा. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउनमध्ये सिस्टिमचा काही भाग तसाच डिस्कवर साठवून ठेवला जातो, खरी नवी सुरुवात रिस्टार्टनेच होते.

सी ड्राइव्ह लाल असणं हे वेगळं दुखणं, तिथे जागा केली म्हणून रॅम वाढत नाही. पण करा, कारण अपडेट आणि पेजफाइल दोघांना जागा लागते. सेटिंग, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. टिक करताना डाउनलोड्सवर टिक आहे का ते बघा, असेल तर आधी त्यातलं हवं ते बाजूला काढा. खरं तर तुमचा निम्मा कचरा तिथेच असेल, एकच उतारा चारदा डाउनलोड केलेला, वर लोकांची आधार कार्डं नि मार्कशीट. दुसऱ्यांची कागदपत्रं काम झाल्यावर ठेवूच नयेत, जागेचा प्रश्न नसता तरी. रिसायकल बिनपण रिकामा करा. टेम्प उडवलं त्याने बिघडलं नाही, पण प्रीफेच परत उडवू नका, प्रोग्रॅम पटकन उघडायची नोंद त्यात असते आणि विंडोज ती परत बनवत बसतं.

एवढं करून मेमरी भरतच असेल तर रॅम घ्या. आधी सेटिंगमध्ये अबाउटमध्ये बघा, ३२ बिट विंडोज असेल तर ८ जीबी टाकूनही उपयोग नाही, ते ४ च्या पुढे बघतच नाही. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये किती स्लॉट भरलेत तेही दिसतं. डीडीआर३ प्रकारच्या रॅमच्या जागी डीडीआर४ बसत नाही, तेव्हा जुनी पट्टी काढून दुकानात दाखवा. मला विचाराल तर एवढ्या जुन्या पीसीला पहिला पैसा २४०-२५६ जीबीच्या एसएसडीवर, म्हणजे साध्या हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्कवर घाला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि ते जुन्या मशिनवर बहुधा नसतं, म्हणजे पीसी आज ना उद्या बदलायचाच आहे. साटा जोडणीची एसएसडी पुढच्या पीसीलाही बहुतेक लागेल, डीडीआर३ ची रॅम नाही लागायची.

प्रश्न: व्हर्च्युअल मेमरी १६ जीबी केली तर रॅम वाढते का?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर: नाही. ती वर सांगितलेली पेजफाइलच, डिस्कवरचीच जागा. लो मेमरीचा मेसेज येऊन प्रोग्रॅम बंद पडत असतील तर त्याने ते थांबेल, वेग वाढणार नाही. ऑटोमॅटिकवर ठेव आणि सी ड्राइव्हवर जागा मोकळी ठेव म्हणजे विंडोजला लागेल तशी ती वाढवता येते.